वाचकांचे प्रश्न : अळिंबीचे पाणी आणि अळिंबीचा श्वास

मागील अंकात अळिंबीविषयी एक छोटे टिपण आम्ही छापले आणि त्यावर आलेल्या पत्रांनी टेबल भरून गेले. कोणाचे बेड (अळिंबीसाठी काड भरलेल्या पिशव्या) नासले, कोणाच्या कढईत पाणीच पाणी झाले, कोणाला प्रथिनांचा हिशेब हवा आहे. वरवर पाहता हे सारे प्रश्न निरनिराळे वाटतात, पण उत्तरे लिहायला बसलो तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक प्रश्नांचे मूळ एकाच गोष्टीत सापडले. अळिंबी (मशरूम) ही वनस्पती नव्हे, बुरशी आहे. तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी असते, हिरवे द्रव्य मुळीच नसते, आणि तोडल्यानंतरही ती श्वास घेत राहते. हे ध्यानात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीसाठी गव्हाचे काड रात्रभर भिजवले, सकाळी त्यावर उकळते पाणी ओतले, थोडे निथळू दिले आणि पिशव्यांत बियाणे (अळिंबीच्या बुरशीचे जाळे पसरलेले धान्याचे दाणे) घालून थर भरले. पाचव्या दिवशी पिशवीच्या तळाशी पिवळट पाणी साचले, आंबूस वास येऊ लागला आणि दोन पिशव्यांत हिरवे डाग पडले. बियाणे निकृष्ट असेल काय?

उत्तर : बियाण्यावर दोष ठेवण्याआधी आपण तळाशी साचलेल्या पाण्याकडे पाहावे, कारण खरी हकीकत तेच सांगत आहे. काडात पाणी जास्त राहिले की काड्यांमधील हवेच्या पोकळ्या बुजतात, आणि ज्या बुरशीला वाढण्यासाठी प्राणवायू लागतो ती गुदमरते; उलट प्राणवायूवाचून जगणाऱ्या जिवाणूंचे मात्र फावते. आंबूस वास त्यांचाच. काडातील ओल वजनाच्या ६० ते ६५ टक्के असावी असे पुस्तकात लिहिलेले असते, पण घरी ते मोजणार कसे? त्याची जुनी परीक्षा हाताची आहे. निथळलेल्या काडाची एक मूठ घेऊन जोराने आवळावी. बोटांच्या फटींतून पाण्याची धार लागली तर काड अजून ओले आहे. तळहात नुसता दमट झाला तर ते कोरडे पडले आहे. आणि आवळता आवळता एखाददुसरा थेंब लोंबकळत राहिला तर काड भरण्याजोगे झाले आहे. हे सांगताना मला माझे पहिले सहा बेड आठवतात. घाई मला होती, काड निथळायला टांगले होते जेमतेम अर्धा तास, आणि आठवड्याच्या आत सहाही पिशव्या खड्ड्यात पुराव्या लागल्या. त्यानंतर मी कधी मुठीची परीक्षा चुकवलेली नाही.

आपली दुसरी चूक उकळते पाणी नुसते ओतण्यात झाली असावी. भिजलेले थंड काड खूप उष्णता शोषून घेते, त्यामुळे वरून ओतलेल्या पाण्याचे तापमान क्षणात खाली येते आणि काडाच्या गाभ्याला जेमतेम कोमट शेक बसतो. काड ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे तासभर बुडालेले राहिले पाहिजे, आणि ते तापमान काडाच्या मध्यभागी मोजायला हवे. येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. काड पूर्ण निर्जंतुक केले तर अधिक चांगले, असा समज असतो. पण उघड्या खोलीत भरलेल्या पूर्ण निर्जंतुक काडावर जी बुरशी आधी उतरेल तिचेच राज्य होते. मध्यम उष्णतेत काही उपकारक जिवाणू तग धरून राहतात आणि उपऱ्या बुरशींना सहजी पाय रोवू देत नाहीत.

हिरवे डाग ट्रायकोडर्मा नावाच्या बुरशीचे आहेत. ती सुरुवातीला पांढरीच दिसते, म्हणून नवशिक्याला ती धिंगरीचेच जाळे वाटते. बीजाणू धरले की ती हिरवी होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. अशी पिशवी खोलीत उघडू नये, तशीच बांधलेली बाहेर न्यावी. पुढील खेपेस ओल्या काडाच्या वजनाच्या २ ते ५ टक्के बियाणे वापरावे आणि नवशिक्याने पाचाच्या बाजूला राहावे, कारण ही सारी शर्यत आहे आणि बियाण्याचे दाणे जितके जास्त, तितके धिंगरीचे जाळे लवकर एकमेकांना भिडते. काड हाताला गरम लागत असताना बियाणे कधीही मिसळू नये.

प्रश्न : बेड छान पांढरे झाले, अठराव्या दिवशी पिनहेडही (टाचणीच्या डोक्याएवढे पहिले कोंब) दिसले, पण त्यांचे देठ बोटभर लांब झाले आणि छत्र्या मात्र शर्टाच्या बटणाएवढ्याच राहिल्या. ओलावा टिकावा म्हणून खोली मी अगदी बंद ठेवली होती.

उत्तर : आपण कारण स्वतःच लिहिले आहे. वाढणारी बुरशी आपल्यासारखीच कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि बंद खोलीत तो साठत जातो. निसर्गात असे कोंदट ठिकाण म्हणजे ओंडक्याची भेग किंवा पाचोळ्याखालची जागा; तेथून मोकळ्या हवेत पोहोचल्याखेरीज बीजाणू उडवता येत नाहीत, म्हणून अळिंबी देठ लांबवते आणि छत्री उघडायचे पुढे ढकलते. खोली दिवसातून तीन-चार वेळा मोकळी करावी, आणि हवेबरोबर जी आर्द्रता जाते ती भिंतींवर व जमिनीवर पाणी शिंपडून भरून काढावी. काढणीच्या काळात ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी, परंतु इवल्याशा पिनहेडवर थेट फवारा मारला तर ते पिवळे पडून गळतात. धिंगरीला थोडा उजेडही लागतो. वर्तमानपत्र वाचता येईल इतका, दिवसातून काही तास, पुरे होतो.

काढणी कधी करावी, असे आपण पुढे विचारले आहे. छत्रीची कड किंचित खाली वळलेली असतानाच, संपूर्ण झुबका मुळाशी धरून पिळून काढावा. कड सपाट होऊन वर उचलली गेली की बीजाणूंचा पाऊस सुरू होतो. बंद खोलीत रोज हे बीजाणू श्वासावाटे गेल्याने काम करणाऱ्यांना खोकला, ताप आणि दम्यासारखा त्रास होतो, आणि हौशी मंडळी याकडे हमखास दुर्लक्ष करतात. काढणीच्या वेळी नाकातोंडावर मास्क बांधावा. उत्पन्नाविषयी म्हणाल, तर एक किलो कोरड्या काडामागे सर्व काढण्या मिळून अर्धा किलो ताजी धिंगरी हाती आली तरी पहिल्या प्रयत्नाला मी ते यशच मानीन.

प्रश्न : याच पद्धतीने पांढरी बटन अळिंबी अंधाऱ्या तळघरात घेता येईल का?

उत्तर : याच पद्धतीने येणार नाही. धिंगरी कच्चे काड सरळ खाते. बटन अळिंबीला मात्र आधी दुसऱ्या सूक्ष्मजीवांनी कुजवून दिलेले अन्न लागते. त्यासाठी काड आणि खत यांचा ढीग अनेक दिवस वरखाली करून कंपोस्ट तयार करावे लागते, ते ५७ ते ६० अंशांवर काही तास तापवून अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत ठेवावे लागते, त्यात बियाण्याचे जाळे पसरल्यावर वर ३ ते ४ सेंटिमीटर ओलसर मातीचा थर द्यावा लागतो, आणि एवढे करून काढणीच्या वेळी तापमान १४ ते १८ अंशांच्या आसपास राखावे लागते. हौसेने हे करणारे आहेत, पण सुरुवात येथून करू नये.

अंधाराचे म्हणाल तर तो गैरसमज आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या परिसरातील दगडाच्या जुन्या खाणींत बटन अळिंबीची शेती फोफावली, कारण तेथील थंडावा आणि दमटपणा वर्षभर सारखा असे. अंधार आपोआप मिळाला आणि लोकांनी श्रेय त्यालाच दिले. बटन अळिंबीला उजेड लागत नाही, एवढेच खरे. जाता जाता आणखी एक : बाजारातील पांढरी बटन, तपकिरी क्रेमिनी आणि ताटलीएवढी पोर्टोबेलो ही तीन नावे असली तरी जात एकच आहे, रंग आणि वय तेवढे वेगळे.

प्रश्न : अळिंबीत मांसाइतकी प्रथिने असतात, ब१२ आणि ड जीवनसत्त्वही भरपूर असते, असे सांगितले जाते. मांसाहार न करणाऱ्याने यावर किती विसंबावे?

उत्तर : प्रथिनांचा जो मोठा आकडा सांगितला जातो तो वाळवलेल्या अळिंबीचा असतो. १०० ग्रॅम ताज्या बटन अळिंबीत प्रथिने सुमारे ३ ग्रॅम आणि उष्मांक २२ च्या आसपास असतात. धिंगरीत प्रथिने तितपतच आणि उष्मांक थोडे अधिक. हीच अळिंबी वाळवली की पाणी उडून जाते आणि तोच ऐवज दहा-बारा ग्रॅम भुकटीत गोळा होतो, मग टक्केवारी साहजिकच २० ते ३० च्या घरात जाते. शिवाय या टक्केवारीत एक गोम आहे. प्रथिने सरळ मोजली जात नाहीत. नत्र मोजून त्याला एका अंकाने गुणतात आणि नेहमीच्या अन्नासाठी तो अंक ६.२५ असतो. पण अळिंबीच्या पेशींची भिंत कायटिनची असते (कीटकांच्या कवचात असते तेच हे द्रव्य) आणि त्यातही नत्र असते, जे प्रथिनांचे नव्हे. म्हणून अळिंबीसाठी जाणकार ४.३८ हा अंक वापरतात. कोणत्या अंकाने गुणले आहे हे न सांगता छापलेल्या टक्केवारीवर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

तरीही अळिंबी पौष्टिक नाही असा याचा अर्थ घेऊ नये. इतक्या कमी उष्मांकांत रायबोफ्लेविन, नायसिन, पोटॅशियम, तांबे आणि सेलेनियम देणारे पदार्थ थोडेच आहेत, आणि तंतूंपैकी बीटा-ग्लुकान हा प्रकारही तिच्यात असतो. ब१२ मात्र नगण्य असते आणि ते सर्व जातींत सारखे नसते. त्यावर मुळीच विसंबू नये.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट सर्वांत रंजक आहे, कारण ते बरेचसे आपल्याच हाती असते. अळिंबीत एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि त्यावर सूर्यातील अतिनील किरण पडले की त्याचे ड२ जीवनसत्त्व बनते. अशा स्टेरॉल द्रव्यांचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल अडॉल्फ विंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बंद खोलीत वाढलेल्या अळिंबीला हे ऊन कधी लागलेलेच नसते, त्यामुळे तिच्यात ड जवळजवळ नसते. परंतु विकत आणलेली ताजी अळिंबी चिरून, चकत्या एकमेकींवर येणार नाहीत अशा पसरून, भर दुपारच्या थेट उन्हात पाव ते एक तास ठेवली, तर १०० ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक ड२ तयार होऊ शकते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण १५ मायक्रोग्रॅम धरली जाते. काचेआडचे ऊन उपयोगाचे नाही, कारण ज्या किरणांचे हे काम आहे ते काच अडवते. शिजवताना हे जीवनसत्त्व बऱ्याच अंशी टिकते. ज्यांना डॉक्टरांनी ड ची कमतरता सांगितली आहे त्यांनी मात्र औषधाऐवजी हा उपाय करू नये.

प्रश्न : अळिंबी परतायला घेतली की तिला सुटलेल्या पाण्यातच ती शिजते आणि रबरासारखी लागते. धुतल्यामुळे असे होते का? आमच्याकडे दोन मते आहेत.

उत्तर : धुतल्यामुळे नव्हे. अख्खी अळिंबी वजन करून घ्यावी, वाहत्या पाण्याखाली चटकन धुवावी, निथळून पुसावी आणि पुन्हा वजन करावे. फरक इतका थोडा येतो की घरातला वाद तेथेच मिटतो. चिरल्यावर मात्र धुऊ नये. कढईत दिसते ते पाणी अळिंबीचे स्वतःचेच आहे. २०० ग्रॅम अळिंबीत १८० ग्रॅमच्या आसपास पाणी असते आणि उष्णता लागताच पेशी खचून ते बाहेर येते. कढई लहान, आच मंद आणि अळिंबीचा ढीग असेल तर ते उडून जायला वाव मिळत नाही. जोवर पाणी आहे तोवर कढईचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंगपणा यायला त्याहून बरेच जास्त तापमान लागते.

यावर माझी रीत थोडी उलटी आहे. पसरट कढईत अळिंबी आणि पाव वाटी पाणी एकदमच घालून आच मोठी करावी. तेल अजून घालू नये. तीन-चार मिनिटांत चकत्या आक्रसून निम्म्या होतात आणि कढईत करडे पाणी खदखदू लागते. ते ओतून न देता आटू द्यावे, कारण चव त्यातच आहे. खदखद थांबून आवाज बदलतो, बुडबुड्यांऐवजी कोरडा चरचराट ऐकू येऊ लागतो. नेमक्या त्या क्षणी दोन चमचे तेल किंवा लोणी घालावे. कच्च्या अळिंबीतील हवेच्या पोकळ्या स्पंजासारखे तेल पितात. त्या आता मिटलेल्या असल्याने थोडक्यात काम भागते. मग एक बाजू तपकिरी होईपर्यंत ढवळण्याचा मोह आवरावा, उलटावी, आणि मीठ अगदी शेवटी घालावे.

फार शिजेल या भीतीने लवकर उतरवलेली अळिंबीच रबरासारखी लागते. भाज्यांच्या पेशीभिंतीतील पेक्टिन उष्णतेने विरघळते, म्हणून भाजी गळते. कायटिन विरघळत नाही, त्यामुळे अळिंबी अर्धा तास शिजवली तरी तिचा लगदा होत नाही. इतका क्षमाशील पदार्थ स्वयंपाकघरात दुसरा क्वचितच असेल.

प्रश्न : वाळवलेली शिटाके अळिंबी ताज्यापेक्षा चवदार का लागते? ती गरम पाण्यात भिजवावी का?

उत्तर : चवीतील ज्या गुणाला उमामी म्हणतात त्याचा एक घटक, ग्लुटामेट, किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून वेगळा केला. वाळवलेल्या शिटाकेत ग्लुटामेटच्या जोडीला ग्वानिलेट असते आणि ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. ग्वानिलेट तयार होते ते भिजलेली अळिंबी तापत असताना. म्हणून ती थंड पाण्यात कित्येक तास, शक्यतो फ्रिजमध्ये, भिजवावी आणि मग त्याच पाण्यासकट हळूहळू तापवावी. भिजवलेले पाणी गाळून घ्यावे; तळाशी कचकच असते. शिटाके अर्धकच्ची खाणे मात्र टाळावे. तिच्यातील लेंटिनान या द्रव्यामुळे काही जणांच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे पुरळ येते. त्याचे पहिले वर्णन जपानमध्ये १९७७ साली झाले.

प्रश्न : फ्रिजमधील धिंगरीच्या देठांवर पांढरी लव आली आहे. टाकून द्यावी काय? आणि उरलेली अळिंबी पुन्हा गरम करू नये हे खरे का?

उत्तर : देठावरील कोरडी, शुभ्र, मऊ लव हे बहुधा अळिंबीचेच जाळे असते, ती पुन्हा वाढू पाहत आहे. वास ताजा असेल तर चालेल. बुळबुळीतपणा, काळे ओले डाग, मासळीसारखा वास किंवा हिरवी-निळी बुरशी दिसली तर टाकावी. घट्ट बंद प्लास्टिकमध्ये अळिंबी ठेवू नये, कारण श्वासातून सुटलेले पाणी तिच्यावरच साचते आणि आतला प्राणवायूही संपतो. कागदी पिशवीत ती चार-पाच दिवस टिकते. पुन्हा गरम न करण्याचा नियम फ्रिज नसलेल्या काळातील आहे. शिजवलेली अळिंबी लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत तापवली तर हरकत नाही.

प्रश्न : बटन अळिंबी खाल्ली की मला पोट फुगल्यासारखे वाटते, धिंगरीने तसे होत नाही. हा मनाचा खेळ आहे का?

उत्तर : नाही. बटन अळिंबीत मॅनिटॉल हे साखरेच्या जातीचे द्रव्य बरेच असते आणि काहींच्या आतड्याला ते नीट शोषता येत नाही. धिंगरीत ते फार कमी असते. आपण धिंगरीच खावी.

प्रश्न : पावसानंतर झाडाखाली उगवलेल्या छत्र्या कशा ओळखाव्यात? चांदीचा चमचा काळा पडला नाही, किंवा किड्यांनी खाल्लेली असली, तर ती चालते असे थोरांकडून ऐकले आहे.

उत्तर : थोरांचा मान राखूनही हे स्पष्ट लिहावे लागेल की या दोन्ही परीक्षा खोट्या आहेत आणि त्यांनी माणसे दगावली आहेत. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. विषाचा तिच्याशी संबंध नाही. गोगलगाई आणि अळ्या ज्या छत्र्या मजेत खातात त्या माणसाला मारू शकतात. जगभरातील अळिंबीच्या बहुतेक जीवघेण्या विषबाधा अमानिटा फॅलॉइडीस या जातीने होतात. ती दिसायला देखणी असते, वाचलेल्या रुग्णांनी तिची चव चांगली होती असेच सांगितले आहे, आणि तिचे अमाटॉक्सिन हे विष शिजवून, वाळवून वा गोठवून नाहीसे होत नाही. सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच जाणवत नाही. नंतर उलट्या-जुलाब होतात. मग रुग्णाला बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून जंगली अळिंबी खाल्ल्यावर काही तासांनी उलटी झाली तर ती थांबण्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि उरलेली अळिंबी, सालीदेठांसह, सोबत न्यावी. ओळखण्याची कृती पत्रोत्तरातून सांगण्याजोगी नाही, छायाचित्रावरूनही नाही. आपण ज्या पाठवल्या आहेत त्या छायाचित्रांवर मी मत देणार नाही.

प्रश्न : तीन काढण्या झाल्यावर उरलेल्या काडाचे काय करावे?

उत्तर : ते मोडून कंपोस्टच्या ढिगात टाकावे किंवा झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावे; बुरशीने अर्धे पचवलेले हे काड लवकर कुजते. त्याच खोलीत मात्र ठेवू नये, कारण जुन्या बेडवरच्या माश्या नव्या बेडवर जातात. ढिगात टाकलेल्या काडावर पुढे पाऊस झाला की कधी कधी एखादा झुबका अवचित उगवतो, आणि मग ‘ही आपलीच धिंगरी’ म्हणून तो घरात आणण्याचा मोह होतो. ढिगावर बाहेरच्या बीजाणूंनाही तितकाच मोकळा वाव असतो. मी तो झुबका पाहतो आणि जागीच ठेवतो.